बावन्न नंबरचा बिल्ला

आमचे हे काय करतात असं कुणी विचारलं, की लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी सरळ सांगायची, "रिकामी जागा शोधतात." ह्यांनीच मला तसं सांगितलं होतं. परिणाम असा झाला, की माझ्या मावसबहिणीने तिच्या दिरासाठी दोन खोल्या बघून ठेवायला सांगितल्या, आणि ह्यांच्याकडून काहीच हालचाल होईना म्हणून वर्षभर माझ्याशी अबोला धरला. तेव्हापासून मी "कंपनीत आहेत" एवढ्यावरच भागवते.

काम मात्र खरोखर तेच. ह्यांची कंपनी हॉस्पिटलांसाठी घंटीची यंत्रं बनवते. पेशंटच्या खाटेपाशी बटण असतं. ते दाबलं की खाटेवरचा लाल दिवा लागतो आणि तिकडे सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर खाटेचा नंबर येतो. मधल्या वाटेवर एक नखाएवढी चिप आहे आणि तिच्या मेमरीत एकशे अठ्ठावीस कप्पे. घंटी आली की ती एका रिकाम्या कप्प्यात जाऊन बसते. सिस्टरने 'आले' म्हणून बटण दाबलं की कप्पा मोकळा. आता कोणता कप्पा रिकामा आहे हे शोधायचं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत, एवढाच ह्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न. एकाच प्रश्नावर माणूस अकरा वर्षं घर चालवू शकतो असं लग्नाआधी कुणी सांगितलं असतं, तर मी तोंडावर हसले असते.

आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी अक्कल माझी आहे. मी वाचनालयाच्या दाराशी, सामान ठेवायच्या खिडकीत बसते. माझ्या पाठीमागे भिंतभर दोनशे कप्पे. आत जाणाऱ्याने पिशवी द्यायची, मी कप्प्यात ठेवायची आणि त्या नंबरचा पितळी बिल्ला त्याच्या हातात द्यायचा. माझ्या आधीची बाई प्रत्येक पिशवीला उठून रिकामा कप्पा शोधत हिंडायची. मी पहिल्यापासून आळशी. मी काय केलं, सगळ्या रिकाम्या कप्प्यांचे बिल्ले एका तारेत ओवले. पिशवी आली की पुढचा बिल्ला काढायचा, बिल्ला परत आला की मागून ओवायचा. शोधायचंच नाही मुळी. हे तेव्हा तिथे वाचायला यायचे. एक दिवस माझ्या तारेकडे बघत इतका वेळ उभे राहिले, की मागच्या माणसांनी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटलं, चांगला दिसतोय, काय हरकत आहे. हा माणूस माझ्यावर नाही, माझ्या तारेवर भाळला होता, हे मला लग्न ठरल्यावर कळलं. चिपमध्ये त्यांनी तीच तार बसवली. रिकाम्या कप्प्यांनीच रांगेत उभं राहायचं, यंत्राने फक्त पुढचा उचलायचा. कंपनीत वाहवा झाली आणि आम्हाला राहायला क्वार्टर मिळालं.

क्वार्टर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकी एकच, तीही कारखान्याच्या भिंतीवर उघडणारी. हात लांब केला तर भिंतीला लागतो. बाहेरच्या खोलीत माझे सासरे, नाना. त्यांची उजवी बाजू गेली त्याला सहा वर्षं झाली. बोलणं जड, आवाज दोन हातांपलीकडे पोचत नाही. त्यांच्या लोखंडी खाटेमुळे मधलं दार उघडेना, म्हणून ते काढून आम्ही पडदा लावला. ह्यांनी खाटेच्या दांडीला डाव्या हाताशी सायकलची घंटी बसवून दिली. मी कामावर असते तेव्हा शेजारीण बघते, एरवी ती वाजली की मी हातातलं टाकून जाते. माझी झोप, माझं जेवण, माझं भांडणसुद्धा त्या घंटीच्या मर्जीवर. मला नानांचा राग यायचा नाही असं मी म्हणणार नाही. यायचा.

ह्यांची लॅब तळघरात, तिला खिडकीच नाही. आम्हाला तिथून निघायचं होतं. ह्यांना शिकवायची हौस. तंत्रशाळेत दोनदा निवड झाली, दोन्ही वेळा कंपनीने सोडचिठ्ठी दिली नाही. "तुम्ही गेलात तर ते यंत्र कुणाला कळणार?" मोठे साहेब म्हणाले. पहिल्या वेळी हे ते वाक्य कौतुकासारखं घरी घेऊन आले. दुसऱ्या वेळी चपला काढून नुसते बसून राहिले. आणि नोकरीच सोडायची तर क्वार्टर सोडावं लागणार, मग नानांची खाट न्यायची कुठे? रिकाम्या जागा शोधणाऱ्या माणसाला स्वतःसाठी दोन खोल्या मिळत नव्हत्या. मावसबहीण म्हणालीच असती, बरं झालं.

अशात ते प्रकरण झालं. एका हॉस्पिटलात एक म्हातारी घंटी दाबून दाबून थकली, शेवटी स्वतःच उतरायला गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिची मुलगी म्हणाली, आई वीस मिनिटं बटण दाबत होती. शेजारच्या पेशंटने खाटेवरचा लाल दिवा पाहिलेला. टेबलावर होत्या त्या सिस्टर म्हणाल्या, पडद्यावर नंबर आलाच नाही. हॉस्पिटलने कंपनीला विचारलं. कंपनीने छातीठोक सांगितलं, पडद्यावरचा नंबर आपोआप जात नाही, कुणीतरी बटण दाबलं तरच जातो. म्हणजे सिस्टरनीच कंटाळून घंटी बंद केली. चौदा वर्षांची नोकरी, एकटी बाई, घरी दोन मुली. गुरुवारी चौकशी ठेवली. 'यंत्रात दोष नाही' असं पत्र तयार झालं आणि त्यावर सही ह्यांची हवी होती, कारण चिप ह्यांची. हे पत्र घेऊन घरी आले. "दोष नाहीच आहे," म्हणाले. "आठवडाभर तपासतोय. रांग बरोबर आहे, एकशे अठ्ठावीसच्या एकशे अठ्ठावीस." पण सही केली नाही. पत्र फडताळात ठेवलं.

त्याच शनिवारी माझ्या खिडकीत तमाशा झाला. रविवारी दुपारी जेवताना मी तो ह्यांना रंगवून सांगत होते, कारण माझं डोकं अजून तापलेलं होतं.

"बावन्न नंबरचा बिल्ला मागे एकाने हरवला होता ना? ग्रंथपालांनी दुसरा करून दिला. परवा तोच माणूस पहिला बिल्ला आणून देतो, जुन्या कोटात सापडला म्हणून. मी आपला ओवला तारेत, तेवढ्यात परत आलेल्या दुसऱ्याच्या पाठोपाठ."

"बरं," हे म्हणाले.

"काल सकाळी एका मुलीने पातळशी फाइल दिली, तिला बावन्न. पाठोपाठ एकाने हे एवढं बोचकं दिलं, त्यालाही बावन्न! मी न बघता आत कोंबलं. फाइल मागे चेपली गेली. मुलगी परत आली, मी बघते तर कप्प्यात बोचकं. मी तिलाच झापलं. म्हटलं, तू फाइल दिलीच नव्हतीस. तिचं परीक्षेचं सगळं होतं हो त्यात. रडायला लागली. तरी मी ठाम. एक कप्पा, एक बिल्ला, चूक होईलच कशी?"

ह्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं खडा लागला.

"तारेत बावन्न दोनदा," हे म्हणाले. "लागोपाठ?"

"लागोपाठ नसेल तर काय, मीच ओवले ना एकामागे एक."

हे ताटावरून उठले. हात धुतला की नाही आठवत नाही, पण किल्ल्या घेऊन गेले ते तिन्हीसांजेला परत आले. चेहरा पांढराफटक. पडद्यामागे आम्ही दोघं पलंगाच्या कडेवर बसलो.

"खाटेपाशीही 'आले'चं बटण आहे," हे हळू आवाजात म्हणाले. "एक सिस्टर तिथे दाबते आणि नेमकी त्याच क्षणी टेबलावरची दुसरीही दाबते. एकच कप्पा दोनदा मोकळा होतो. रांगेत एकच नंबर दोनदा, मागोमाग."

"मग?"

"मग पुढच्या दोन घंट्या एकाच कप्प्यात. दुसरी पहिलीच्या डोक्यावर बसते. पहिली पुसली गेली. आणि खाटेवरचा दिवा लागलेला असला की पुन्हा कितीही दाबा, नवी घंटी जात नाही."

"पण तुम्ही तर म्हणालात रांग बरोबर आहे."

"पहिली पुसली की तिचा कप्पा कुणी परत करतच नाही. जादा झालेला नंबर तिथेच बुडतो. रांग पुन्हा बरोबर. मागे काही राहत नाही, म्हणून तर सापडेना." हे आपल्या तळहाताकडे बघत होते. "कप्पा परत घेताना तो आधीच मोकळा आहे का, एवढं एक विचारायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं. ती म्हातारी दाबत होती गं. आणि ती बाई खरं बोलते आहे."

आता मी काय बोलले ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"मग सांगू नका. पुढच्या यंत्रात गुपचूप दुरुस्त करा."

"आणि त्या सिस्टर?"

"त्यांना दुसरीकडे नोकरी मिळेल. सिस्टरला कुठेही मिळते. तुम्हाला काढलं तर आठ दिवसांत हे घर जाईल. बाहेर ते पडले आहेत, त्यांना काय फूटपाथवर ठेवू? खापर तुमच्याच डोक्यावर फुटेल, कंपनीच्या नाही."

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण ह्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. रागाने नाही. हिशेब मांडूनही उत्तर येत नाही तेव्हा कागदाकडे बघतात, तसं. सोमवार गेला, मंगळवार गेला. पत्र फडताळात. मी खिडकीत बिल्ले ओवायची आणि प्रत्येक नंबर दोनदा वाचायची. ती फाइलवाली मुलगी आली तेव्हा मी मान वर केली नाही. तिची फाइल मी शनिवारीच संध्याकाळी तिला परत केली होती, माफी मात्र मागितली नव्हती.

बुधवारी सकाळी हे कामावर गेल्यावर नानांची घंटी वाजली. पाणी हवं असेल म्हणून पेला घेऊन गेले. नानांनी पेला बाजूला सारला आणि मला वाकायची खूण केली.

"पडद्याला... कान नसतात... असं वाटलं का, सूनबाई?"

मी पेला खाली ठेवला.

"माझ्या नावावर..." ते थांबले, दम घेतला. "माझ्या नावावर खपवू नका. मी आहे म्हणून... गप्प बसलो म्हणाल. उद्या मी नसेन. मग... कुणाच्या नावावर?"

"नाना, तुम्हाला कुठे नेणार आम्ही?"

"कुठेही टाका. घंटी... तेवढी लावा."

आणि ते हसले, एका बाजूने. सहा वर्षांत मी त्या माणसाला इतकं जवळून ओळखलं नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "सही करू नका. सांगून टाका." ह्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नानांना विचारा." बाहेरून एकदा घंटी वाजली.

गुरुवारी ह्यांनी चौकशीत सगळं सांगितलं. आकृती काढून दाखवली म्हणे, आणि ती कुणाला कळेना तेव्हा माझी बावन्न नंबरची गोष्ट सांगितली. ती मात्र सगळ्यांना कळली. कंपनीने त्याच दुपारी सांगितलं, उद्यापासून येऊ नका, पुढचं कळवू. हे दोन वाजताच घरी आले. अकरा वर्षांत कामाच्या दिवशी दोन वाजता ह्यांना उजेडात पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं मी कोसळेन. मी चहा टाकला.

मग आठ दिवस आमच्या अंगात वारं शिरलं होतं. मी खिडकीतून दिसेल त्या वाचकाला जागा विचारली. एका पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या कारखान्यामागे दोन खोल्या निघाल्या, तळमजल्यावर, आणि दोन्ही बाजूंना खिडक्या. दार इतकं रुंद की नानांची खाट आडवी जाईल. तंत्रशाळेने ह्यांना सांगितलं, कंपनीचं बंधन नसेल तर पहिल्या तारखेपासून या. हे दाढी करताना शीळ घालायला लागले. त्यांना शीळ येते हेच मला माहीत नव्हतं! मी खोकी जमवली, भांडी कागदात गुंडाळली, फडताळ रिकामं केलं. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला होता. इतकी वर्षं मी हे घर वाचवायला जिवाचा आटापिटा करत होते आणि मला इथे राहायचंच नव्हतं.

टेम्पो दहाव्या दिवसाचा सांगितलेला होता, म्हणून नवव्या दिवशी दुपारी मी नानांच्या खाटेची घंटीसुद्धा काढून खोक्यात टाकली. चारच्या सुमारास मोठे साहेब स्वतः आले. बाहेरच्या खोलीत खोक्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांना आत बसवलं.

साहेब गोड बोलत होते. सिस्टरना परत कामावर घेतलं, हॉस्पिटलचं पत्र आलंय. तुमचा प्रामाणिकपणा सगळ्यांना आवडला. आता अशी यंत्रं एकतीस हॉस्पिटलांत आहेत. प्रत्येकातली चिप बदलायला हवी, आणि ते यंत्र तुमच्याशिवाय कुणाला कळतं? त्यांनी कागद पुढे केला. पाच वर्षं कंपनी सोडायची नाही. सही केली तर म्हातारीच्या पडण्याची जबाबदारी कंपनीची. नाही केली तर कंपनी लेखी कळवेल, की दोष एका माणसाचा होता आणि तो माणूस यंत्रं तशीच टाकून निघून गेला.

"आणि घर सोडायचा प्रश्नच येत नाही," साहेब खोक्यांकडे बघून हसले. "हे सगळं कशाला बांधलंत?"

"एकतीस," हे एवढंच म्हणाले. मला कळलं, ह्यांना धमकी ऐकूच आली नव्हती. ह्यांना एकतीस हॉस्पिटलांतल्या खाटा दिसत होत्या. मी नको नको म्हणत असताना ह्यांनी सही केली, 'ताटं' असं लिहिलेल्या खोक्यावर कागद ठेवून.

साहेब गेल्यावर फोन आला. सिस्टर होत्या. रडत होत्या, आभार मानत होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, तुमचं घर तर नाही ना गेलं माझ्यापायी?" हे म्हणाले, "नाही हो. इथेच आहोत."

फोन ठेवल्यावर मी भडकले. "पाच वर्षं! तळघरात! त्या दोन खिडक्यांचं काय सांगू त्या पुस्तकबांधणीवाल्याला?" हे म्हणाले, "सांग, जागा लागत नाही." मी हमसून हमसून रडले. घर वाचलं म्हणून कुणी इतकं रडलं नसेल. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तो मी झटकला. मग पुन्हा ठेवला, तो राहू दिला. पडदा ओढलेला, बाहेर अगदी शांत. इतक्या वेळात नानांनी एकदाही बोलावलं नाही हे माझ्या आधी ह्यांच्या लक्षात आलं.

मी पडदा सारला. नाना जागे होते. डावा हात दांडीवर, आणि अंगठा रिकाम्या दांडीवर खाली दाबत होते, उचलत होते, दाबत होते. जिथे घंटी असायची तिथेच. चादर ओली झालेली होती. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"नाना," मी म्हटलं. "किती वेळ दाबत होतात?"

मी वाकले.

"साहेब... आले, तेव्हापासून."

तास होऊन गेला होता. ह्याच गोष्टीवर मी माझ्या नवऱ्याला गप्प बसायला सांगितलं होतं. म्हटलं होतं, सिस्टरला कुठेही नोकरी मिळते.

आम्ही चादर बदलली, त्यांना पुसलं, कोरडं केलं. मग घंटी शोधायला बसलो. कुठल्या खोक्यात टाकली ते मला काही केल्या आठवेना. बांधलेली सगळी खोकी फोडली, भांड्यांचं, कपड्यांचं, ह्यांच्या पुस्तकांचं. पाचव्यात, नानांच्या जुन्या चपलांखाली ती सापडली. ह्यांनी ती दांडीला बसवली आणि स्क्रू इतका आवळला की पुन्हा निघूच नये.

"वाजवून बघा, नाना," हे म्हणाले.

नानांनी मान हलवली. काही नको होतं त्यांना. मग मी आत गेले, पडदा ओढला आणि उघड्या खोक्यांमध्ये उभी राहिले. वाट बघितली. बऱ्याच वेळाने घंटी वाजली.

"आले, नाना," मी म्हटलं.